न थांबता

“पुन्हा,” थोरली म्हणाली आणि तिने व्हायोलिनचा गज खाली घेतला. सकाळपासूनची ही सातवी वेळ. या खेपेला वरच्या मजल्यावरून पाइपातून पाणी गेलं, तेवढंच निमित्त. तिने रेकॉर्डरचं बटण दाबून वाजवलेलं सगळं पुसून टाकलं.

दोघी बहिणी एका बंद पडलेल्या लाँड्रीत वाजवायच्या. भिंतींना छतापर्यंत फरशा होत्या, त्यामुळे आवाज बराच वेळ घुमत राहायचा. थोरलीकडे व्हायोलिन. धाकटीकडे पितळेची भांडी, जाड स्प्रिंगा, एक जुनी करवत. जे वाजेल ते. चार वर्षं त्या एकच रचना बसवत होत्या आणि त्यातलं एक मिनिटही शिल्लक राहिलं नव्हतं. कुठे श्वास ऐकू आला, कुठे खुर्ची करकरली, की थोरली पुसून मोकळी.

आता वेळ उरला नव्हता. थोरलीचा डावा कान गेल्या वर्षीच गेला होता. उजवाही जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हळूहळू की एका झटक्यात, ते मात्र त्यांनाही सांगता येत नव्हतं. तेव्हापासून ती हनुवटी व्हायोलिनवर इतकी दाबून धरायची की गळ्याशी काळानिळा वळ उठला होता. हाडातून सूर कळतो, म्हणायची.

धाकटीने स्टँडवरचे कागद काढून घेतले. आज न थांबता वाजवायचं, नाहीतर उद्यापासून मी येणार नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. आजवर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. लहानपणी याच बहिणीने तिला ताल शिकवला होता. जरा चुकलं की पहिल्यापासून. त्या पहिल्यापासूनमध्ये तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

“चुकलेलं राहू दे, ताई. एकदाच.”

थोरलीने रेकॉर्डर जवळ ओढला. मग तिने बटण दाबलं, डोळे मिटले आणि गज तारेवर टेकवला.

सुरुवात जपूनच झाली. चौथ्या मिनिटाला मोठं भांडं धाकटीच्या हातून सुटलं, फरशीवर आदळलं आणि गडगडत पार दारापर्यंत गेलं. ती जागच्या जागी थिजली. आता ‘पुन्हा’ येणार.

आलं नाही. थोरलीचा गज चालूच होता.

धाकटीला आधी खरंच वाटेना. मग तिच्या अंगात वारं शिरलं. भांडं उचलायच्या भानगडीत न पडता तिने ते पायानेच गडगडवत आणलं, चमचा भिंतीच्या फरशांवरून खरवडत नेला, स्प्रिंग ताणून सोडून दिली. व्हायोलिनही आता कुणाचं ऐकत नव्हतं. सूर घसरत होते, भलतीकडे जात होते, थोरलीने जन्मात खपवून घेतले नसते असे. मध्येच गज नुसताच लाकडावर घासला गेला, आणि ती तशीच पुढे गेली. तिला इतकं मोकळं वाजवताना धाकटीने कधी ऐकलं नव्हतं. वाजवता वाजवता धाकटीचे डोळे वाहत होते. भांडं पडलं तेच बरं झालं, तिला वाटलं.

अकराव्या मिनिटाला थोरलीने गज उचलला. घुमणारा आवाज पुरता विरेपर्यंत धाकटी हलली नाही. मग पुढे होऊन तिने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. जमलं, हेच ठेवायचं, असं ती तिच्या कानाशी म्हणाली.

थोरलीने डोळे उघडले. चेहरा पांढराफटक पडला होता. एवढ्याशा खोलीत ती केवढ्यांदा तरी बोलली.

“तू मध्येच का थांबलीस गं? मी कितीतरी वेळ एकटीच वाजवत होते.”