गाडी सुटताना

"अरे, मी सांगतोय ते लिही! गाडी एकदम सुटली की आतला माणूस पुढं पडतो. लिही."

"मागं पडतो," ज्योतीराम म्हणाला.

"पुढं!"

"मागं! पाय गाडीसंगं जात्यात, वरचं अंग जागच्या जागी ऱ्हातं. जडत्व म्हणत्यात त्याला. पुस्तक कशाला घेतलंय, उशाला?"

मुरारीनं डाव्या हातानं पुस्तक आपटलं. उजवा हात नेहमीसारखा गळ्यातल्या झोळीत, मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. "तू लिहिणारा हायेस का मास्तर? परीक्षेत मी बोलीन तेच उतरायचं. चुकलं तर माझं चुकंल. एक अक्षर पदरचं घातलंस, तर तुझं तोंड बघणार न्हाई."

"मग गाढव बसवा शेजारी!" ज्योतीराम उठला आणि चपला न घालताच बाहेर पडला.

घटकाभरात परत आला. जायला दुसरं ठिकाण होतं कुठं?

कारखान्यात कामाला लागलेल्या बापाबरोबर तो साताऱ्याकडनं पिंपरीला आला होता. आई गावाकडं. चाळीत एक खोली. बाप उजाडताच जायचा, संध्याकाळी येऊन भाकरी खायचा आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा. पोरानं शाळा सोडल्यापासून धड बोलला नव्हता.

शाळा सुटली तीही एका दगडापायी. जड दगड आधी पडतो, असं मास्तर शिकवत होते. ज्योतीराम उठून म्हणाला, चूक आहे. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण हा खिडकीत चढला, लहानमोठे दोन दगड सोडून दाखवले आणि छडी खाल्ली. मग मास्तरांवर डस्टर भिरकावलं. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. चाळीतल्या बाया आपल्या पोरांना त्याच्याजवळ फिरकू देईनात. दिवसभर पायरीवर बसून तो मालगाडीचे डबे मोजायचा.

अशात एक दिवस मुरारी दारात उभा राहिला. बाविशीचा, चाकणकडचा. शेवटची खोली नुकतीच घेतलेली, इथं कुणाच्या ओळखीचा नाही.

"तूच न्हवं मास्तरची चूक काढणारा?"

ज्योतीरामच्या मुठी वळल्या. पण मुरारी तिथंच पायरीवर टेकला. मुंबईला मशीनखाली हात सापडला, म्हणाला. दोन बोटं गेली, राहिलेली वळत नाहीत. मॅट्रिकला पदार्थविज्ञानानं दोनदा बुडवलं. औंदा पास झालो तर मामानं कल्याणला नोकरी बघून ठेवलीय. डॉक्टरचा कागद दिला, लिहायला माणूस घ्यायची परवानगी आली.

"लिहिणारा खालच्या यत्तेतला लागतो, तसा नियम हाय. तू नववीतनं सुटलास. तुझ्यावाचून अडलंय बघ माझं."

तुझ्यावाचून अडलंय. असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं कधी.

दोन महिने तो रोज जायचा. पुस्तक मोठ्यानं वाचायचा, मुरारी डोळे मिटून ऐकायचा. "आता तुझ्या शब्दांत सांग," म्हणायचा. "समजल्याबिगर नीट उतरणार न्हाई तुला." ज्योतीराम सांगायचा. मग त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावून द्यायचा, घागर भरून ठेवायचा.

"लई दुखतं का?" एकदा त्यानं विचारलं.

"थंडीत. गेलेली बोटंबी दुखत्यात रे."

ज्योतीरामला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मार्चमध्ये पुण्याला परीक्षा. दोघांना वेगळी खोली दिली होती. देखरेखीचे गुरुजी खिडकीशी तपकीर ओढत उभे. तिसरा प्रश्न ज्योतीरामनं वाचून दाखवला. गाडी अचानक सुटल्यास प्रवासी कोणीकडे पडतो, सकारण सांगा.

मुरारी छताकडं बघत खणखणीत आवाजात म्हणाला, "पुढं पडतो."

टाक थांबला. डोळ्यांदेखत चूक, आणि ती आपल्याच हातानं लिहायची?

"लिहिलंस?"

"लिहितोय."

त्यानं लिहिलं, मागे. कारणही लिहिलं. एकदा बांध फुटल्यावर काय! चौथा, सहावा, आठवा. मुरारी काहीही बोलो, कागदावर जे बरोबर होतं तेच उतरलं. कानशिलं तापली होती.

परतीच्या गाडीत मुरारीनं शेंगा घेऊन दिल्या, खांद्यावर हात टाकला. "तू नसतास तर काय केलं असतं राव मी?" ज्योतीराम नुसत्याच शेंगा सोलत राहिला.

जूनमध्ये निकाल लागला. पदार्थविज्ञानात एकाहत्तर! मुरारीनं पेढा भरवला, पण तो कडू लागला. याला कळलं तर हा आपलं तोंड बघणार नाही. न कळवावं, तर आपलंच आपल्याला बघवत नाही.

कल्याणला जायच्या सकाळी त्यानं मुरारीची ट्रंक डोक्यावर घेऊन स्टेशन गाठलं. गाडी आली. ट्रंक आत सरकवली. मुरारी दारात उभा राहिला, आणि ज्योतीरामला राहवलं नाही.

"मुरारीभाऊ, मी फसवलं तुमाला. तुमी सांगितलं ते न्हाई लिहिलं. माझंच लिहिलं. सगळं."

मुरारीचा चेहरा पडला.

"लई वाईट केलंस," तो म्हणाला. "विश्वास टाकला होता मी. पण लहान हायेस. जा, माफ केलं. फकस्त कुणाजवळ बोलू नगंस."

ज्योतीरामचे डोळे भरून आले. "पत्र टाकाल न्हवं?"

"टाकीन की. डाव्या हातानं गिरवतोय आता." शिट्टी झाली. "सर मागं. निघायला पायजे मला."

गाडीनं हिसका दिला. पाय गाडीबरोबर गेले, वरचं अंग जागच्या जागी राहिलं. मुरारी मागं कलंडला, तसा झोळीतला हात सर्रकन बाहेर आला आणि त्यानं दाराचा दांडा गच्च धरला. पट्टी सुटून वाऱ्यावर लोंबली. दांड्याभोवती अंगठा वळला होता, आणि चार बोटं.