तटाबाहेरचा पहारा

व्हर्जिनियातल्या त्या पहिल्या हिवाळ्यात निम्मे इंग्रज तापाने गेले. आदिवासींना याचा सुगावा लागू नये म्हणून कॅप्टन आजाऱ्यांनाच तटाबाहेर नेऊन झाडाला टेकवून बसवी, मांडीवर बंदूक ठेवून. थॉमसिनचा नवरा एम्ब्रोजही तिथेच होता. एका सकाळी ती पेज घेऊन गेली, तर एम्ब्रोज लाकडासारखा ताठ.

"कॅप्टनसाहेब, ते गेले हो! आता तरी त्यांना मातीत जाऊ द्या."

"बसू दे. आता त्याला थंडीही वाजायची नाही."

मग एक दिवस मका घेऊन आलेला आदिवासी म्हातारा फाटकातच हसायला लागला. "तुमचा पहारेकरी मेलाय की! पाखरं बसतात त्याच्या टोपीवर."

म्हातारा गेल्याबरोबर कॅप्टनने एम्ब्रोजला आत आणवलं आणि खड्डा खणायला सांगितलं. थॉमसिनने कॅप्टनचे पाय धरले. आभार मानता मानता तिला खोकल्याची उबळ आली, थांबेचना. कॅप्टन कान देऊन ऐकत राहिला.

"खणखणीत आहे. पार जंगलापर्यंत ऐकू जाईल," तो म्हणाला, आणि एम्ब्रोजची टोपी झटकून त्याने तिच्या डोक्यावर ठेवली.