चिठ्ठीतला हुकूम

इंदुरात देवीची साथ आली आणि भानूची शाळा बंद झाली. बहनजींनी हिंदीत चिठ्ठी धाडली, "बच्ची को घर पर ही शिक्षा दें." होळकरांच्या फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदार प्रतापरावांनी ती मराठीत वाचली. लाडक्या नातीचा गुन्हा काही उमगेना, पण हुकूम तो हुकूम! छडी उगारवेना, म्हणून त्यांनी फौजी शिक्षा ठरवली. रोज सकाळी अंगणात कवायत करत पाढा म्हणायचा, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

महिन्याने शाळा उघडली. भानूने एकोणतिसाचा पाढा घडाघडा म्हटला, तशा बहनजी थक्क झाल्या. "सुभेदारसाहब, क्या बढ़िया शिक्षा दी आपने!"

प्रतापरावांनी मिशीला पीळ दिला. "ये तो हलकीच दिली, बहनजी. पहिलाच गुन्हा होता पोरीचा!"