दुसरी सही

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नेत्राने आपल्या गावातून, दिग्गीतून, तुकाराममामांना मेसेज पाठवला, 'यादी तपासली. गिऱ्हाइकाचं नाव नाही.' यादी तिने उघडलीच नव्हती.

नव्याचा दिवस होता. भाताची पहिली कणसं घरात येताना कुळातलं माणूस गैरहजर राहिलेलं दिग्गीत चालत नाही. नेत्राची रजा शिल्लक नव्हती, म्हणून फक्त मामांना सांगून ती आली होती. गावामागच्या कातळावर मेसेज जायचा तेवढा जातो, यादी उघडत नाही.

ती बेळगावच्या एका कारखान्यात होती. तिथले पंपांचे सुटे भाग परदेशी जात. निर्बंध लागलेल्या कंपन्यांची यादी हल्ली कधीही बदलते, म्हणून माल निघायच्या दिवशीच ती तपासायची, असा कारखान्याचा नियम. पहिली सही तपासणाऱ्या नेत्राची. दुसरी, 'समक्ष पाहिले' म्हणून, रवानगी विभागातल्या तुकाराममामांची. नेत्रा आपली सही कोऱ्या फॉर्मवर सोमवारीच करून गेली होती. मेसेज आला, मामांनी फॉर्म भरून आपली सही केली, अकराला गाडी गेली.

पुढच्या सोमवारी बँकेने कागद अडवले. गिऱ्हाइकाचं नाव यादीत होतं. नाव लागल्याची तारीख त्याच मंगळवारची. माल सोडण्याची जबाबदारी मामांची, म्हणून चौकशी संपेपर्यंत मामा घरी. निवृत्तीला चार महिने होते.

बुधवारी नेत्रा रामनगरला त्यांच्या घरी गेली. मामांच्या बायकोने, इंदुबाईंनी, चहा दिला. "बघ की, ह्ये दिवसभर घरात. माझ्या भाकरीत खोट काढत्यात."

"गप गं," मामा म्हणाले. मग नेत्राकडे वळले. "तू घाबरू नको. तुझ्यावर काय येणार न्हाई. मी लिवून दिलंय."

काय लिहून दिलं, हे नेत्राने विचारलं नाही. आपण काय केलं, हेही सांगितलं नाही. चहा संपवून ती उठली.

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिने साहेबांना ईमेल केला. त्या मंगळवारी मी दिग्गीत होते. यादी पाहिली नव्हती. मामांचा दोष नाही.

पावणेपाचला मामांचा फोन आला. "सुटलो गं. ते नाव त्या दिवशी दुपारी चारला यादीत लागलंय, आपली गाडी अकरालाच गेलेली. आत्ताच कळलं. सोमवारपासनं कामावर."

नेत्राने विचारलं, "मामा, तुम्ही काय लिहून दिलं होतं?"

"तू शेजारी बसून यादी बघितलीस आन् मी माझ्या डोळ्यानं बघितलं, म्हणून. तू गावाकडं हुतीस हे कळलं असतं तर नोकरी गेली असती तुझी. का गं?"

शुक्रवारी साडेदहाला चौकशी पुन्हा उघडली, या वेळी मामांच्या खोट्या जबाबाची. साक्षीदार एकच आहे, नेत्रा.