हंबरणारं वासरू

ऋतुजानं बनवलेल्या मोबाइल गेममध्ये वासरू होतं. गेम बंद केला की ते हंबरायचं. प्रकाशनाच्या अर्जात प्रश्न होता: गेम लहान मुलांसाठी आहे का? "'नाही' लिही," तिच्या कंपनीचे साहेब म्हणाले. "'हो' म्हटलं की या हंबरण्याला नियम आडवे येतात." मांजरी गावातल्या घरी तिनं फोन आजोबांना दिला. जन्मभर गुरं राखलेले आबा चारा भरवण्यात रमले. आजीनं जेवायला हाक मारली. आबांनी गेम बंद केला, वासरू हंबरलं, आबांनी पुन्हा सुरू केला. असं तीनदा झालं. "आबा, खोटं आहे ते." "ठावं हाय गं. पण वरडतंय, टाकून कसं उठू?" आबांना उठवेना, तिथं पोरं काय उठणार? साहेबांशी भांडून ऋतुजानं 'हो' लिहिलं आणि हंबरणाऱ्या वासराला झोपायला शिकवलं. रविवारी आबांनी फोन अलगद ठेवत आजीला दटावलं, "हळू बोल, डोळा लागलाय."