फाटलेली जागा

तालमीत तिसऱ्या कडव्याला साठ वादकांनी एकदम हात थांबवले. त्या शांततेत पाहुण्या गायिकेने स्वर उचलला आणि अगदी मूळ रेकॉर्डवर आहे तसा मधेच फाडला. संगीत संयोजकाने नोटेशनमध्येच तसं लिहून ठेवलं होतं.

"दादा, जमलं ना?" तिने पहिल्या रांगेकडे बघत विचारलं. पोरीने महिनाभर ही एवढी जागा घोटली होती.

दादा म्हणजे ज्या रॉक बँडचं हे गाणं, त्याचा मूळ गायक. स्वरयंत्र काढून टाकल्याला आता दोन वर्षं झाली. बोलायचं ते पाटीवर लिहायचं आणि शेजारी बसलेल्या बायकोने मोठ्याने वाचायचं, असा त्यांचा संसार चालला होता. आपली गाणी सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या हवाली करायला तो कबूल झाला तो एकाच आशेने. हे गाणं एकदा धडधाकट गळ्यातून ऐकायचं होतं त्याला.

त्याने लिहिलं. बायकोने वाचलं, "फाडू नकोस गं. ती स्टाईल नव्हती. दुखणं होतं ते, तिथूनच सुरू झालं."

रेकॉर्डिंगच्या दिवशीच बायको मागे लागली होती, डॉक्टरला दाखव म्हणून. हा म्हणाला, एवढा दौरा होऊ दे. मग त्या फाटक्या जागेनेच बँडचं नाव झालं, आणि दौरे काही संपेनात.

"मला खरंच कल्पना नव्हती, वहिनी," संयोजक ओशाळून म्हणाला. त्याने नोटेशनमधली खूण पेन्सिलने खोडली. "सरळ घेऊया. कुणी थांबायचं नाही, वाजवत राहा."

गायिकेने सरळ गायलं. आवाज स्वच्छ, नाव ठेवायला जागा नाही. स्वर वर गेला, वरच राहिला, साठ वाद्यं त्याच्यासोबत चढली, आणि गाणं पुढे निघून गेलं. दादा वाट बघत राहिला. त्या जागी काही घडलंच नाही. वादक पान उलटून मोकळे झाले. इतकी वर्षं लोकांनी टाळ्या दिल्या त्या गळ्यातल्या गाठीला, हे त्याला आत्ता कळलं.

बायकोचे डोळे मात्र भरून आले होते. "तू पूर्वी अगदी असंच गायचास," ती म्हणाली.

त्याने पाटी पुसली. मग लिहिलं, "आधीचंच ठेवा. फाडू दे तिला."

बायकोने मनातल्या मनात वाचलं.

"हे मी वाचणार नाही."

मग तो स्वतःच उभा राहिला आणि त्याने पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, शेवटच्या रांगेतल्या वादकालाही दिसेल इतकी उंच.