उघड्या जाळीचा हेडफोन

भिसेगावच्या घरामागे भातकापणी चालली होती. सुनीलने मागचं दार लोटलं आणि दोन हेडफोन ताडून बघायला बसला. बंद कपांच्या जुन्या हेडफोनात गाणं स्वच्छ होतं. उघड्या जाळीच्या नव्या, महागड्या हेडफोनात मात्र गाण्यामागे बारीक फुसफुस येत होती. त्याने ॲम्प्लिफायर बदलला, डिजिटल गाण्याचा आवाज करणारी डॅकची डबी बदलली. फुसफुस तीच. टेबलाखालची वायर अनवाणी पायाने सरकवली, तशी ती वाढलीच.

"नंदा, हेडफोनच खराब निघाला गं!" असं ओरडत त्याने तो कानांवरून काढून टेबलावर ठेवला.

फुसफुस चालूच होती.

दारात चहा घेऊन थबकलेली नंदा टेबलाखाली बघत कुजबुजली, "अहो, पाय हलवू नका."